उपसलेली बाव

दादा, तुझ्या शोकसभेला साहेब आले होते. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आले होते.

तुझ्याच अंगणात, तुझ्या बावीपासून वीस पावलांवर, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी ती बाटली दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवली होती. वहिनीनं रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला तर म्हणाले, "नको नको, आत्ताच झालं." आणि दोनच मिनिटांनी झाकण फिरवून घटाघटा प्यायले. तांब्यात टँकरचं पाणी होतं रे, पण त्यांना काय माहीत! त्यांना वाटलं, विहिरीचं, बावीचं. ज्या बावीला ह्याच माणसानं 'पिण्यायोग्य' म्हणून सही-शिक्क्याचा कागद दिला, तिच्या नुसत्या संशयानं त्याचा घसा सुकला. मला हसू फुटलं. भावाच्या दहाव्याला, त्याच्या फोटोसमोर, मी पदर तोंडावर धरून हसले. बायकांना वाटलं हुंदका आला, एकीनं तर पाठीवरून हात फिरवला.

फोटोचंही सांगते. नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. 'पर्यावरणाचा सच्चा पाईक.' खाली हात जोडलेले सात जण, आणि त्यांची तोंडं तुझ्यापेक्षा मोठी. तुझा फोटो नातवाच्या बारशातला आहे, टोपी तिरकी, गालाला पेढा लागलेला. त्या सातांतला एकही, तू जिवंत असताना, डोंगराखालची ओली माती बघायला आला नव्हता. सभेत जे पुढारी बोलले त्यांनी तर तुला, दामूला, दोनदा 'दामाजी' केलं. मी वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं. पण तिथे मी वर्गात नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला कुणाला बाकावर उभं करायचा अधिकारही नव्हता. का, ते तुला ठाऊक आहे. तुला, मला आणि वहिनीला. तीन वर्षं एवढ्या तिघांनाच ठाऊक होतं.

डोंगराच्या उतारावर शहराचा कचरा टाकायला लागले तेव्हा महापालिकेच्या साहेबांनी गावाला समजावून सांगितलेलं तुला आठवतं ना? हेच साहेब, तेव्हा केस काळे होते. खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरलाय, त्याच्यावर नाल्या, नाल्यांतून कचऱ्याचं काळं पाणी टाकीत, टाकीतून टँकरनं प्रक्रियेला. लिचेट म्हणतात त्याला, म्हणाले, आणि त्याचा एक थेंब बाहेर येणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तू मात्र विचारलंस, "टाकी भरली का मंग?"

"पंप आहे ना, भाऊ."

"पंप बंद परला का मंग?"

"स्टँडबाय पंप आहे."

"कंदी आनला?"

साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला.

तो दुसरा पंप मी अजून पाहिलेला नाही. पहिला दर पावसाळ्यात जळायचा आणि दुरुस्तीला जाऊन दसऱ्यापर्यंत परत यायचा नाही. टाकी काठोकाठ भरून वाहायची, आणि साहेब लोक वरती छत्री धरून म्हणायचे, हे पावसाचं पाणी आहे. त्या प्लास्टिकच्या कागदाची कथा तर विचारूच नये. जेसीबीच्या दातांनी तो कुठे कुठे फाटला ते तू स्वतः बघून आलास. "गोधडीला भोक परला का थंडी येतेच," म्हणालास. एवढी साधी गोष्ट! पण ती इंजिनीयरिंगच्या पुस्तकात नसावी.

तुला कळायचं, कारण पाझर तुझ्या पायांना कळायचा. खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावर भरती ओसरली की तू अनवाणी निघायचास. लहानपणी मी मागे मागे असायची. चालता चालता तू थांबायचास, टाच दाबायचास, म्हणायचास, हतं मऊ हाय. मला काहीच दिसायचं नाही. वरून बांध कोरडा ठणठणीत. पण तू पेंढा आणि चिखल तुडवून तिथे दाबायचास, आणि पुढच्या उधाणाला शेजाऱ्याचा बांध फुटायचा, आपला नाही. त्याच पायांनी तू चैत्रात, माती तापून पाय ठेववत नव्हता तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी चाललास आणि आपल्या शेताच्या वरच्या अंगाला एका जागी तुझ्या टाचेला गार लागलं. तिथून आपली बाव शंभर पावलंही नाही. साहेबांना नेऊन दाखवलंस तर ते गुडघ्याएवढे बूट घालून उभे. म्हणाले, "इथे तर कोरडंच आहे." तू म्हणालास, बूट काढा. आईशप्पथ, तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या पावसानंतर वहिनीची डाळ शिजेना. बावीच्या पाण्यानं भात पिवळट व्हायला लागला. मग काठावर फेस, मग वास. वहिनी प्यायचं पाणी टँकरचं भरायला लागली, आणि बाव राहिली धुण्याभांड्याला आणि वांग्यांना. वांगीही पुढे जळाली.

आणि इथे मी आले, शहाणी. तुळिंजला फ्लॅटमध्ये राहणारी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, घरातली शिकलेली. तू म्हणत होतास, पायथ्याशी आडवा चर खणू या, काळं पाणी बाजूला काढू, खाजणात उधाणाचं काढतो तसं. मी म्हणाले, कायदा हातात घेऊ नकोस, अर्ज कर. कळवण्यास अत्यंत खेद होतो की, सविनय सादर की. किती अर्ज लिहिले असतील मी! अक्षर माझं मोत्यासारखं. तू खाली सही करायचास आणि म्हणायचास, "तुजा मराठी लय चांगला कुंदे. पन पानी वाचत नाय ना." मी रागवायची. तू आणखी डिवचायचास, "तुज्या फ्लॅटचा कचरा रोज मना भेटाला येतो, तू मातर गनपतीला येतंस." ओला-सुका वेगळा करते रे मी, पण खालच्या गाडीत दोन्ही एकत्रच पडतात.

शेवटी एका अर्जाला उत्तर आलं. साहेब येणार, पाण्याचा नमुना घेणार, तारीख सांगितली. तू आदल्या दिवशी आगाशीला गेला होतास, लेकीकडे बारसं होतं. मी इकडे आले. बावीत डोकावले, आणि दादा, मला लाज वाटली.

राग नाही आला, लाज वाटली. पाण्यावर काळी साय, कडेला शेवाळ, कुजलेली पानं, नाक दाबावं असा वास. उद्या साहेब येणार! तीस वर्षं शाळेत मी काय केलं? तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना, पोरांच्या नखांना कात्री, फुटका फळा कपाटामागे. साहेब यायच्या आत सगळं लख्ख झालं पाहिजे, हे माझ्या हाडात मुरलंय. मी पदर खोचला. वहिनी म्हणाली, "वन्सं, यांना इचारला असता." मी म्हटलं, पाहुण्यांसमोर अशी बाव ठेवायची का, लोक काय म्हणतील? मोटर लावून सगळी बाव उपसली. तळ घासला. चुना टाकला, ब्लीचिंग टाकलं. रात्रभरात झऱ्यांतून थोडं पाणी आलं, वरचं स्वच्छ पाणी साहेबांपुरतं जमलं. सकाळी काठावर रांगोळी घातली. रांगोळी, दादा! जिच्या घाणीची तक्रार मीच मोत्यासारख्या अक्षरात केली होती, तिच्याभोवती मी कमळं काढली. असं गाढव साऱ्या तालुक्यात शोधून सापडायचं नाही.

तू परत आलास तेव्हा साहेबांची गाडी नाक्यावर होती. तू बावीत वाकून बघितलंस. तळाची वाळू दिसत होती. माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "लगीन हाय काय?"

मग बावीच्या काठावर बसलास आणि त्यांचा माणूस बाटली भरत होता तिकडे बघत राहिलास. मी तेव्हाही बोलू शकत होते. साहेब, थांबा, हे पाणी कालचं नाही, मी उपसलंय, पंधरा दिवसांनी या. एवढी तीन वाक्यं होती. पण साहेब म्हणाले, "वा, मेन्टेन चांगली केली आहे," आणि मी चक्क लाजले, शाबासकी मिळाल्यासारखी.

कागद आला. सगळं लिमिटमध्ये. पाणी पिण्यायोग्य. त्यानंतर गावातल्या कोणीही काहीही लिहिलं तरी त्याच कागदाची झेरॉक्स उत्तरादाखल यायची. शेजारच्या शेतातल्या काशिनाथनं भर मंदिरात तुला विचारलं, "दामू, बाव कोनी उपसली?" मी तुझ्या मागेच उभी होते. तू वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालास, "मीच उपसली. पावन्यांसमोर लाज वाटली."

लाज माझी होती, तू उचललीस आणि स्वतःच्या नावावर केलीस. गावात बोलणं सुरू झालं, दामू साहेबाला फितूर झाला. ज्यांनी आयुष्यात एक अर्ज लिहिला नाही ते पारावर बसून तुझ्या नावानं थुंकले. मी चार वेळा ठरवलं की सांगायचं. दर वेळी वाटलं, शाळेच्या बाई म्हणून गावात जरा मान आहे. तो मान किती स्वस्त होता बघ.

तू नंतर मला अर्ज लिहायला सांगितलं नाहीस. भांडलाही नाहीस. फावडं घेतलंस आणि अडुसष्टाव्या वर्षी एकटा चर खणायला लागलास. दोन पावसाळ्यांच्या मध्ये आपल्या हद्दीपुरता खणलास, सरळ, दोरी लावल्यासारखा. पुढे काशिनाथचा तुकडा. तो म्हणाला, फितुराचा फावडा माज्या जमिनीत नको. चर तिथेच थांबला, आणि काळं पाणी चराच्या टोकाला वळसा घालून पुन्हा बावीकडे आलं. तू एका शब्दानं त्याला गप्प करू शकला असतास. माझं नाव घ्यायचं, बस. घेतलं नाहीस. मी त्याबद्दल तुझे उपकार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्या मोठेपणानं माझा भित्रेपणा तीन वर्षं पोसला रे. वाईट वाटलं तर वाटू दे, पण हे मी बोलणारच.

शेवटचा महिना तू माझ्या फ्लॅटमध्ये काढलास, दवाखाना जवळ म्हणून. किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले वय, साखर, बिडी. पाण्याचं नाव कोणी काढलं नाही, आणि मीही काढत नाही, कारण मला सिद्ध करता येणार नाही. एका दुपारी म्हणालास, "कुंदे, बावीचा पानी दे." तुला मोजून पाणी द्यायचं होतं. मी स्वयंपाकघरात गेले, फिल्टरचं पाणी तांब्याच्या तांब्यात ओतलं, आणून तोंडाला लावलं. म्हटलं, घे, सकाळीच आणवलंय. तू एक घोट घेतलास, डोळे मिटलेस, म्हणालास, "खोटा बोलतंस. याला वास नाय."

आणि मग उरलेलं सगळं प्यायलास. मी दाराआड जाऊन रडले. हसत हसत रडले, कारण बरोबर होतं तुझं. एवढ्या वर्षांत त्या पाण्याची कुणी खरी तपासणी केली असेल तर ती तू, पलंगावर पडून, एका घोटात. तेव्हा तुझा हात धरून सांगायचं होतं की दादा, मला माफ कर, मी गावाला सांगते. मी काय म्हटलं? "झोप आता."

तर शोकसभा. पुढाऱ्यांचं 'दामाजी' आटोपलं आणि साहेब उठले. बाटली खुर्चीवर ठेवली. म्हणाले, "भाऊ जागरूक नागरिक होते. त्यांची विहीर म्हणजे तर आदर्शच. आमचा रिपोर्ट आहे, सगळे पॅरामीटर लिमिटमध्ये. डंपिंगबद्दल जे गैरसमज पसरवले जातात त्यांना भाऊंची विहीर हेच उत्तर आहे."

तुझ्या फोटोसमोर. तुझाच साक्षीदार करून. त्यांना एवढीसुद्धा शरम वाटली नाही, आणि अंगणातल्या एकाही मिशीवाल्याच्या तोंडून हूं निघालं नाही. मी उठले. गुडघे कटकट वाजले, तेवढाच आवाज झाला.

म्हटलं, "साहेब, बसा जरा. ती बाव दादानं नाही, मी उपसली होती. तो आगाशीला होता. मी चुना टाकला, मी ब्लीचिंग टाकलं, मी रांगोळी घातली. तुम्ही ज्याला पिण्यायोग्य म्हणालात ते माझं शाळेतलं सफेदी-पाणी होतं. माझ्या भावानं माझं पाप तीन वर्षं अंगावर घेतलं आणि तुम्ही सगळे त्याला फितूर म्हणालात. काशिनाथ, तूसुद्धा. आणि मी ऐकत राहिले. माझ्याइतकं हलकं ह्या अंगणात कोणी नाही, पण दुसरा नंबर तुमचा आहे, साहेब. विहीर आदर्श आहे ना? मग बाटली ठेवा बाजूला. काढते पोहरा. प्या."

साहेब पुढाऱ्यांकडे बघायला लागले, पुढारी तुझ्या फोटोकडे. मग साहेब म्हणाले, "मॅडम, भावना समजू शकतो." मी म्हटलं, भावना नका समजू, नमुना घ्या. सगळ्या गावासमोर तारीख मागितली. तेराव्याची सकाळ ठरली. लोक उठून जाताना काशिनाथ माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं काही बरं बोलेल. म्हणाला, "आता बोलतंस, बाई? त्यो गेल्यावर?" आणि गेला. बरोबरच बोलला. दहापैकी दहा.

वहिनी चुलीशी होती. मी जाऊन बसले. लाकूड आत सारत म्हणाली, "मना वाटला तुमी शिकलेल्या. तुमाना तोंड असंल." माझ्याकडे न बघताच कपात चहा ओतला आणि कप माझ्याकडे सरकवला.

आता पुढचं ऐक, तुला हसू येईल. बाराव्याला सकाळी आळीतल्या बायका आल्या. खराटे, बादल्या, शेण. उद्या तेरावं, पाव्हणे येणार, सोयरे येणार, वर साहेब येणार. दोघी सारवायला बसल्या आणि तिघी सरळ बावीकडे निघाल्या, मोटरची वायर घेऊन. एक म्हणाली, "बाई, बावीची काय दशा! उद्या लोकांना काय दाखवायचा?" परवा अंगणात बसून माझं सगळं ऐकलेली हीच. कानावरून वारा गेला नुसता. मी तिला काही बोलणार होते, अगदी जिव्हारी लागेल असं. मग तिच्या खोचलेल्या पदराकडे लक्ष गेलं. माझाच पदर होता तो.

मी बावीच्या काठावर जाऊन बसले, तू बसला होतास तिथेच. म्हटलं, घर सारवा, अंगण सारवा, बावीला हात लावायचा नाही. लोक काय म्हणतील? म्हणू देत. दिवसभर बसले. जेवण वहिनीनं तिथेच आणून दिलं. दुपारी काशिनाथ त्याच्या बांधावर आला. तुझ्या चराच्या टोकाशी थांबला. चपला काढल्या, रे. चपला काढून चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे चालला आणि एका जागी टाच दाबून उभा राहिला. मी हाक मारली नाही. जाता जाता तोच ओरडला, "तेरावा होऊन जाऊ दे. मंग बगू." तुझं फावडं मी पडवीत काढून ठेवलंय.

आज सकाळी त्यांचा माणूस आला. साहेब आले नाहीत, मीटिंग होती. माणूस बरा होता. पोहरा सोडला, वर ओढला, बाटलीत ओततानाच तोंड फिरवलं. पाणी चहाच्या चोथ्यासारखं, वर फेस. त्यानं बाटलीला चिठ्ठी लावली, माझी सही घेतली. आणि मग, सवयीनं असेल, म्हणाला, "बाई, लोक येणार होते तर जरा साफ करायची होती ना."

दादा, ह्या खेपेला मी बाव उपसली नाही.